पुस्तकं कुटून केलेली टोपली

मंडळी, दुपारपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

येरमाळ्याजवळच्या आमच्या गावात वाचनालयातच जुन्या वस्तूंचं छोटं संग्रहालय होतंय. आज त्यासाठी जमलो होतो. नव्वदीतल्या आप्पांनी घरून कागदाच्या लगद्याची टोपली आणली.

"आप्पा, कागद कुठला हा?" मी सहज विचारलं.

"इथलाच की! निजामाचं राज्य गेल्यावर वाचनालयातली उर्दू पुस्तकं आमीच बाहेर काढली. बायकांनी भिजवली, मेथ्या घालून कुटली अन् घागरीवर थापली. लई टोपल्या झाल्या!"

"पुस्तकं कसली होती?"

"शेतीची, औषधांची, इतिहासाची."

"तुम्हाला उर्दू यायची?"

"न यायला काय झालं? माझी शाळाच उर्दूत झाली."

म्हणजे वाचता येत होती, तरी कुटली! वर लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्याच टोपलीतून पेढे फिरवले. मला शिसारी आली. मी पेढ्याला हातसुद्धा लावला नाही.

टोपली आता काचेच्या कपाटात ठेवणार आहेत. ज्यात पूर्वी ती उर्दू पुस्तकं होती, त्याच कपाटात. खालची पाटी मला लिहायला सांगितलीय.

तुम्हीच सांगा, काय लिहू?