शिकवलेली साक्ष

गोठा धुताना ओल्या शेणाचा वास नाकात भरला की मला इंदापूरचं कोर्ट आठवतं. धाकट्या बहिणीचा हात नवऱ्यानं मोडला, म्हणून केस आम्हीच केली होती. साक्षीची तारीख लागेपर्यंत तीन वर्षं गेली. तोवर दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बसून मिटवलं: तिनं साक्ष फिरवायची, त्यांनी तिला परत नांदवायला न्यायचं. काय बोलायचं ते मीच तिला शिकवलं. बारामतीपासून एसटीच्या खिडकीला डोकं टेकून ती तेच वाक्य पुटपुटत होती. पिंजऱ्यात उभी राहिल्यावर सरकारी वकिलांनी विचारलं, “हात कशानं मोडला?” तिनं वाकडं मनगट पदराखाली घेतलं. “गोठ्यात पाय घसरला.” जज्जसाहेब लिहिता लिहिता थांबले. “बाई, कुणाचा दबाव आहे का?” तिनं माझ्याकडं पाहिलं. मी फरशीकडं बघत राहिलो. “न्हाय,” ती म्हणाली. नवरा सुटला. कोर्टाच्या फाटकात तिच्या सासऱ्यानं माझ्या हातावर पेढा ठेवला आणि मी तो खाल्ला. यंदा भाऊबीजेला ती मला एकाच हातानं ओवाळत होती, दुसरा गळ्यात बांधलेला. मी काही विचारायच्या आत म्हणाली, “गोठ्यात पाय घसरला, दादा.”