फटफटी ही गाडीच आहे!

आमच्याकडे साखर कारखान्याच्या रस्त्यावर कॅनॉलचा एक अरुंद पूल आहे. एका वेळी एकाच बाजूने गाडी जाईल, एवढाच. कोपरगावकडून आलं की पुलाच्या तोंडाशी आडवी दांडी, आणि ती वर करायचं चाक मात्र पलीकडे, गेटमनच्या खोलीत. मध्ये वळण, त्यामुळे खोलीतून अलीकडचं काही दिसत नाही. म्हणून कारखान्याच्या फिटरांनी डोकं लढवून दांडीपुढे रस्त्यात स्प्रिंगवर लोखंडी पत्रा बसवला. उसाची गाडी त्यावर चढली की पत्रा दबायचा, तार ओढली जायची आणि खोलीत घंटा वाजायची. लोक त्याला तवा म्हणत.

बैलगाडीला तवा दबायचा. ट्रकला दबायचा. आमच्या तरुण मंडळाच्या फटफटीला दबायचा नाही. तिचा आवाज पार राहात्यापर्यंत जायचा, पण तव्याच्या हिशेबी ती आलेलीच नसायची.

एकटा असतो तर दांडीशी बसून घोषणा दिल्या असत्या. पण त्या सकाळी मागे माझी अक्का. पलीकडच्या गावात तिला शाळेत टेंपरवारी नोकरी लागलेली, सकाळची एसटी नाही, आणि हेडमास्तरांनी बजावलेलं, प्रार्थनेनंतर याल तर पुढच्या वर्षीची ऑर्डर विसरा.

"अक्का, उडी मार."

आम्ही दोघं सीटवर बसल्या बसल्या उड्या मारू लागलो. अक्काच्या मांडीवर डबा, त्यातली चटणी पदरावर. वैरणीचा भारा घेऊन चाललेला एक आडदांड गडी थांबला.

"बाई, अंगात आलंय का काय?"

"मामा, तुमीपण चढा," मी म्हटलं.

तो भाऱ्यासकट तव्यावर उभा राहिला. पलीकडे घंटा! दांडी उठली, थोडी थांबली आणि मी किक मारेपर्यंत परत खाली आली. गेटमन पूल ओलांडून स्वतः चालत आला.

"गाडी कुठं हाय?"

"ही काय!"

"ही फटफटी हाय. घंटा गाडीची हाय."

"मग आम्ही जायचं कसं?"

"गाडी आली की तिच्या मागनं. कुनी अडवलंय?"

आता चालत आलाच होता, तर तिथूनच आम्हाला सोडावं की नाही? नाही. चाक पलीकडे, आणि पलीकडे गेल्यावर म्हणणार, घंटा वाजली न्हाई, म्हंजी कुनी आलं न्हाई. एका उसाच्या गाडीमागून कसेबसे वेळेत सुटलो, पण मी रीतसर खवळलो.

पत्रक काढलं. मथळा, 'फटफटी ही गाडीच आहे!' खाली ठणकावलं, 'पेंड खाऊन चालते ती गाडी आणि पेट्रोल पिऊन चालते ती गाडी नव्हे, हा कुठला न्याय?' कोपरगावच्या बाजारात वाटलं. निम्म्या पत्रकांत भजी बांधली गेली, पण त्यामुळे विचार घरोघर गेला. कारखान्याच्या साहेबाने मला बोलावून चहा पाजला, स्प्रिंग मऊ करायला लावली, आणि दांडीपाशी पाटी लावली : फटफटी ही यापुढे गाडी समजावी. विजय! मी अक्काला सांगितलं, लढल्याशिवाय काही मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी कडेकडेने पुढे येऊन तव्यावर नुसतं पुढचं चाक टेकवलं तर घंटा वाजली. गेटमन हसत हसत आला.

"या गाडीवाले. नंबर लावा."

"कसला नंबर?"

त्याने मागे बोट दाखवलं. उसाच्या गाड्यांची रांग पार मारुतीच्या देवळापर्यंत.

"फटफटीला नंबर नव्हता, म्हून कुनाच्याबी मागनं सुटत व्हती. आता तुमची गाडी झाली. पाटी वाचता येती ना?"

"ओ पुढारी, मागं व्हा," पहिल्या गाडीवरून एकजण ओरडला, "आमी पहाटंधरनं जुंपल्यात!"

अक्का उतरली, दांडीखालून वाकून गेली आणि चालू लागली. शाळेत पोचली तेव्हा प्रार्थना केव्हाच संपली होती. हेडमास्तर म्हणाले, ही शेवटची ताकीद.

त्या रविवारी तिने भाड्याची सायकल आणली आणि खळ्यावर शिकायला घेतली. पाचवारीचा काचा मारून, गुडघे फोडून घेत. बायका ओट्यावर उभ्या राहून बघत होत्या, आणि आमच्या आईने दार लावून घेतलं. सोमवारी अक्का पुलाशी उतरली. सायकल आडवी केली, दांडीखालून सरकवली, पलीकडे उभी केली, टांग टाकली आणि गेली. मी रांगेत, बैलांच्या शेपट्यांमागे. गेटमनला ओरडून विचारलं, ही कशी सोडली?

"सायकल हाय ती. गाडी न्हाई."

तो हंगाम अक्का एकदाही चुकली नाही. जूनमध्ये ऑर्डर हातात पडली. पेढा देता देता मी म्हणालो, सायकललाही रीतसर मान्यता मिळायला हवी, मंडळातर्फे एक पत्रक...

"काढ तर खरं," अक्का म्हणाली, "तंगडी मोडून हातात देईन."