टाचेचे तीन ठोके

नव्वदीतल्या एका मे महिन्यात, धुळ्याहून शिरपूरला जाणाऱ्या एस.टी.त तो माझ्या शेजारी होता. फौजेतून रिटायर झालेला. चढताना त्याने पायरीवर टाच तीनदा आपटली आणि मगच आत आला. मला हसूच आलं.

बोलता बोलता म्हणाला, लडाखला असताना तिथल्या चार गावांतल्या पोरांच्या टीमा गोठलेल्या तळ्यावर हॉकी खेळायच्या, हिवाळाभर सामने चालायचे.

"बर्फावर हॉकी? नाना, उन्हाने डोकं फिरलं का तुमचं?"

तोही हसला. पायांना लोखंडी पाती बांधून पोरं कशी सुसाट जायची, ते त्याने हातांनी दाखवलं. मग हात मांडीवर ठेवले आणि अहिराणीत म्हणाला,

"सामन्याआधी बरफ ठोकीसन पाहानं काम मनं व्हतं. त्या दिन मीच सांगं, पक्का शे, खेळा."

"ठोकून बघायचं काम तुमचं, तुम्हीच पक्का आहे म्हणालात. मग?"

"बरफ फुटना. दोन पोरं वर उनातच नही."

बर्फ फुटला होता, दोन पोरं पाण्यातून वर आलीच नव्हती. मी हातातली शेंगदाण्यांची पुडी मिटली.

नरडाण्याला तो उतरला. खाली उन्हाने वितळलेलं डांबर होतं. त्यावरही त्याने टाच तीनदा आपटली, कान देऊन ऐकलं आणि मगच दुसरा पाय खाली ठेवला.