मंगळावरच्या गाडीचं सुतक

तुम्हाला कुणी काही वाचून, आवडलं म्हणून, मुद्दाम पाठवलं तर तुम्ही ते उघडता का? की न उघडताच जोडलेल्या हातांचं चित्र टाकून मोकळे होता?

मी विचारते, कारण मला त्या जोडलेल्या हातांचा राग आहे. हात जोडणं म्हणजे दार लावून घेणं, तेही नम्रपणे.

मी भोरमध्ये राहते. कापूरहोळच्या फाट्यावर झेरॉक्स आणि ऑनलाइन कामांच्या दुकानात बसते. गिऱ्हाईक नसलं की नेटवर वाचत असते. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. मंगळावरचा सूर्यास्त निळसर दिसतो. सिनेमातला घोडा दौडतो तेव्हा टापांचा आवाज पुष्कळदा नारळाच्या करवंट्या आपटून काढलेला असतो. परदेशातलं जे आपण मोबाईलवर बघतो, ते बहुतेक सगळं आकाशातून येत नाही, समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारांमधून येतं. असं काही सापडलं की मला गप्प बसवत नाही. शेजारच्या पंक्चरवाल्याला सांगितलं तर तो म्हणतो, "ताई, तुमी लई वाचता." आणि परत टायरकडे वळतो.

ही खोड वडिलांची. ते कचेरीत कारकून होते, पण गावात ओळख पत्रकवाले म्हणून. साप दूध पीत नाही. ग्रहणात भाजी चिरल्यानं पोटातल्या बाळाला काही होत नाही. अंगात येतं तिला डॉक्टरकडे न्या. अर्ध्या कागदावर छापलेली ती पत्रकं गुलाबी नाहीतर पिवळी असायची, आणि तळाला कायम एक ओळ: वाचा आणि दुसऱ्याला द्या. मी अक्षरं गिरवायच्या आधी पत्रकांना घडी घालायला शिकले. जत्रेत, बाजारात, एसटी स्टँडवर आम्ही ती वाटायचो. लोक त्यांत भजी बांधून घ्यायचे. वडिलांना त्याचं वाईट वाटत नसे. कारण कधीतरी कुणी तोच तेलकट कागद घेऊन आमच्या दारात यायचा आणि म्हणायचा, "साहेब, मंग नागपंचमीचं वाटीतलं दूध जातं कुठं?" त्या दिवशी वडील खुशीत स्वतः चहा करायचे.

"मान डोलावली की समज काही पोचलं नाही," ते मला म्हणायचे. "प्रश्न आला की पोचलं."

आई मी कॉलेजात असताना गेली. वडील गेल्या वर्षी गेले. घरात मी राहिले आणि त्यांचा फोन.

आमचं मूळ गाव वेल्ह्याच्या बाजूला. भावकीचा एक ग्रुप आहे. त्यावर मयत, दहावा, लग्न आणि जत्रा, एवढंच येतं. वडील गेल्यावर मी ग्रुप चालवणाऱ्या चुलत भावाला फोन करून माझा नंबर घालायला सांगितलं.

"ताई, पोरींचे नंबर न्हाई घेत आपण. उद्या लगीन झालं की तू सासरच्या ग्रुपात जाशील."

"आणि नाही केलं लग्न तर?"

"मंग बघू की." तो हसला. "तात्यांचा नंबर हाय की अजून. म्या काढला न्हाई. मेलेल्या माणसाला काढणं बरं दिसत न्हाई."

म्हणजे जिवंत मुलीला घ्यायचं नाही आणि मेलेल्या बापाला काढायचं नाही. मी बरंच भांडले. तो "व्हय, व्हय" करत राहिला आणि फोन ठेवला. मग मी वडिलांचं सिम चालू ठेवलं आणि त्यांच्याच नंबरावरून पाठवायला लागले. जे सापडेल ते, सोप्या मराठीत, पत्रकासारखं. खाली लिहायची: वाचा आणि दुसऱ्याला द्या. तुमची लेक.

उत्तरं यायची. जोडलेले हात, गुलाबाचं फूल, पुन्हा जोडलेले हात. एका लग्नात चुलत भाऊ पंगतीत वाढताना मोठ्यानं म्हणाला, "ह्या ऑक्टोपसला जिलबी वाढा रे, तीन काळजं हायती, तीन वाढा!" सगळे हसले. मीही हसले. निदान एवढं तरी त्यानं वाचलं होतं.

पण संध्याकाळी दुकान बंद करून घरी आलं की ते हसू पुरायचं नाही. ताट समोर घेऊन मी फोन बघत बसायची. निळ्या खुणा उमटायच्या. म्हणजे बोट फिरलं होतं, डोळा नाही. कुणाशी तरी बोलावं असं इतकं वाटायचं की कंपनीच्या जाहिरातीचा फोन आला तरी मी पटकन ठेवायची नाही. शेवटी मनाशी ठरवलं. हा रिचार्ज संपेपर्यंत एक, फक्त एक प्रश्न आला तर पुढं पाठवायचं. नाहीतर सिम बंद. त्याबरोबर वडिलांचा नंबरही जाणार, हे कळत होतं.

रिचार्ज संपत आला होता, तेव्हा शनिवारी मी मंगळावरच्या एका गाडीबद्दल लिहिलं. सूर्याच्या उजेडावर चालणारी, वर्षानुवर्षं तिथं एकटी फिरलेली. धुळीच्या वादळात अंधारली आणि गप्प झाली. शास्त्रज्ञ हाका मारत राहिले, उत्तर आलं नाही. सोबत तिचा एक काळसर फोटो टाकला.

भावकीतल्या एकानं फोटो बघून सवयीनं लिहिलं, "भावपूर्ण श्रद्धांजली." त्याचं बघून दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. फुलांची रांग लागली. एकानं विचारलं, "दहावा कुठं हाय?" ग्रुपवर मला आलेला पहिला प्रश्न तो! तो मी मोजला नाही. "दादा, वरचं वाचा तरी," एवढं लिहिलं आणि फोन पालथा घातला.

रविवारी सकाळी दार वाजलं. वेल्ह्याकडच्या चुलत काकी उभ्या होत्या. डोक्यावर पदर, हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं. मला बघून त्या उंबऱ्यावरच खाली बसल्या.

"अगं, जित्ती हायस व्हय तू!"

"काकी, काय झालं?"

"मलाच इचार काय झालं! तुझ्या बापाच्या नंबराखाली ही फुलं पडली. आई न्हाई, बाप न्हाई. ह्या घरात मरायला उरलं कोण? तूच की!"

पहिली एसटी धरून, नसरापूरला उतरून, तिथून वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून त्या आल्या होत्या. गाठोड्यात पिठलं-भाकरी होती. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत, भावकी शिजवून आणते.

"आधी फोन नाही का करायचा?"

"कुणाला लावू? उचलणार कोण व्हतं?"

"मग भाकरी कुणासाठी आणली?"

"कोण बसलेलं आसंल तर आसू दे, म्हणून आणली. वाटंत म्हनलं, पोरीपाशी कोण बसलं आसंल का?" पदरानं डोळे पुसून त्यांनी एकदम आवाज चढवला. "मेलं कोन मंग?"

मी सांगितलं. फोटो दाखवला. मंगळ कुठं आहे तेही सांगितलं. त्यांनी फोन नाकाशी धरून बघितला.

"ही गाडी?"

"हो."

"संगं कोन व्हतं?"

"कुणी नाही. एकटीच पाठवली."

"आन हिला आनायला कोन जानार?"

"कुणी नाही, काकी. तिथंच राहणार ती."

"बोलायची का कुणाशी?"

"हो. काय दिसलं, काय सापडलं, सगळं कळवायची."

"हितनं कोन उत्तर द्यायचं?"

"तर! माणसं नेमलेली होती त्यासाठी."

"मंग तुझ्यापरास बरं व्हतं तिचं," काकी म्हणाल्या आणि फडक्याची गाठ सोडायला लागल्या.

मी सुतक मानत नाही. वडिलांचंही पाळलं नव्हतं. पण त्या दिवशी आम्ही चूल पेटवली नाही. मंगळावरच्या गाडीच्या नावानं दोघींनी गार पिठलं-भाकरी खाल्ली.

खाताना काकींनी कमरेच्या पिशवीतून फोन काढला. तो त्यांच्या नवऱ्याचा होता. ते जाऊन बरेच दिवस झालेत, पण त्यांचाही नंबर कुणी ग्रुपातून काढला नव्हता. म्हणजे त्या ग्रुपात मेलेल्यांच्या नंबरावर आम्ही दोघी बसलो होतो, एकमेकींना ठाऊक नसताना.

"तू टाकतीस ती चित्रं म्या समदी बघते," त्या म्हणाल्या. "लिवल्यालं येत न्हाई वाचाया. हे हात जोडल्यालं तेवढं दाबता येतं. ते दाबते. तुला कळावं, हाय म्हणून कोनतरी."

मी त्या हातांवर इतके दिवस चिडत होते, कुणाच्या नंबरावरून आले ते कधी बघितलं नव्हतं. त्यांतले दोन हात काकींचे होते. आता मात्र कोणते हात दार लावणारे आणि कोणते 'हाय' म्हणणारे, हे ओळखायचा उपाय नाही.

दुपारच्या गाडीनं त्या गेल्या. घर पुन्हा होतं तसं झालं. मी रिचार्ज मारला. आता मी काकींना बोलून पाठवते. त्यांच्या घरी रेंज नाही. वरच्या रस्त्याला आल्या की त्या ऐकतात, म्हणून उत्तराला दिवस लागतात. मधले दिवस लांब असतात. ग्रुपवर अजून हातच येतात.

परवा त्यांचा आवाज आला. मागं वारा होता. "पोरी, त्या तीन काळजाच्या जनावराचं एक बंद पडलं, तर दोनावर चालतंय व्हय गं? ह्यांचं एकच व्हतं, म्हणून इचारते."

मला उत्तर माहीत नव्हतं. मी शोधते आहे.

काकींना अक्षर येत नाही. तुम्हाला येतं, हे इथवर वाचलंत त्यावरून दिसतंच आहे. तेव्हा फोन काढा. कुणीतरी पाठवलेलं आणि तुम्ही हात जोडून सोडून दिलेलं असं काहीतरी त्यात नक्की असेल. ते उघडा, वाचा आणि ज्यानं पाठवलं त्याला एक प्रश्न विचारा. कितीही साधा चालेल. पण आज विचारा.