हातानं पाठ करणारी

"हातात घेतल्याबिगर तोंडात येत नाही जी," असं ती म्हणायची, आणि म्हणता म्हणता समोर असेल ते उचलायची. पातेलं असो, कुलूप असो, माझी चप्पल असो. अगं चप्पल कशाला उचलतेस म्हणून मी ओरडेपर्यंत चपलेचं जर्मन नाव तिनं दोनदा म्हणून घेतलेलं असायचं.

सकाळी कधी कसबा पेठेतून चालत गेला असाल तर तुम्हीही तिला पाहिलं असेल. रात्रपाळी करून परतणारी, नर्सचे पांढरे बूट घातलेली, विजेच्या खांबाला हात लावून काहीतरी पुटपुटणारी. लोकांना वाटायचं पोरीचं डोकं फिरलंय. मलाही तेच वाटलं होतं. मी फक्त ते तोंडावर विचारलं.

आमच्या मजल्यावरची, गॅलरीच्या टोकाची खोली तिनं भाड्यानं घेतली होती. मूळची यवतमाळकडची. एका खासगी दवाखान्यात नोकरी आणि बुधवार पेठेत जर्मनचा क्लास. जर्मनीत नर्सा लागतात, पण भाषेची परीक्षा पास झाल्याशिवाय घेत नाहीत म्हणे. मी सातवी नापास. जन्मभर गॅसच्या शेगड्या दुरुस्त केल्या. परदेशी भाषा म्हणजे शेगडीच्या खोक्यावर छापलेली असते ती, एवढीच माझी तिच्याशी ओळख.

ती राहायला आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गॅलरीत आलो, तर ही भरलेली बादली छातीशी धरून उभी. ओढणी भिजलेली, चेहरा लाल, आणि तोंडानं "श्वेर, श्वेर" चाललेलं. मला वाटलं झटका आला. मी धावलो बादली धरायला.

"सोडा न काका. 'जड' पाठ करून राहिली मी."

मी म्हटलं, मग वहीत लिही की. तर म्हणे, वहीतलं वहीतच राहते.

तेव्हापासून हे रोजचं झालं. दार उघडताना उघडण्याचा शब्द, लावताना लावण्याचा. शब्द पक्का होईपर्यंत दार आपलं उघडतंय आणि लागतंय. शेवटी बिजागऱ्यांना तेल मी घातलं. 'गरम' हा शब्द हवा तर कुकरला बोट लावायची आणि फुंकर मारत म्हणायची.

मग एक दिवस सगळ्या गॅलरीत रंगीत दोरे दिसले. नळाला, झाडूला, खिडकीच्या गजाला. निळे, तांबडे, हिरवे. खालच्या मजल्यावरच्या वहिनी घाबऱ्याघुबऱ्या वर आल्या. करणी आहे म्हणाल्या. दोन बिऱ्हाडांनी लिंबं आणून ठेवली. पोरीला बोलावलं तर तिनं शांतपणे सांगितलं, त्या भाषेत प्रत्येक वस्तू एक तर पुरुष, नाहीतर बाई, नाहीतर तिसरं काहीतरी. निळा दोरा पुरुषांना.

मी म्हटलं, "आपल्यातही तो चमचा, ती वाटी, ते ताट. आपण दोरे बांधत फिरतो का?"

"तुम्ही ते आईच्या मांडीवर बसून शिकलात. मले आता कोण घेते मांडीवर?"

हे पटलं. पण माझ्या खुर्चीला तिनं निळा दोरा बांधला होता, तो मला सहन होईना. खुर्ची ती असते. "तिथं तो आहे काका," म्हणाली आणि गाठ आणखी घट्ट केली.

आमची ही तेव्हा आत कॉटवर पडून असायची. तिला अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. समजायचं सगळं. डोळ्यांनी रागवायचीसुद्धा. पण तोंडातून फक्त "आ". आम्हाला मूलबाळ नाही. घरात दोन माणसं, त्यातलं एक गप्प झालं की दुसरं भिंतीशी बोलायला लागतं.

पोरीनं एकदा विचारलं, काकूंना ऐकवू का, समोर माणूस असलं की बरं बोलता येते. मी म्हटलं ऐकव, ती काही तक्रार करणार नाही. माझं बोलणं असंच आहे. ती हसली आणि आत गेली.

मग दुपारी झोप काढून उठली की ती कॉटवर बसायची. हिच्या डाव्या हातात एकेक वस्तू द्यायची. वाटी, कंगवा, लिंबू. वर आपला हात ठेवून जर्मन शब्द म्हणायची. मधेच सांगायची, काकू, तिथं सूर्य बाई आहे बरं का. मी बाहेरून म्हणालो, तरीच एवढा तापतो. आमची ही अर्ध्या तोंडानं हसली. झटका आल्यापासून पहिल्यांदा.

एका दुपारी मी स्वयंपाकघरात बर्नर साफ करत बसलो होतो. आतून "काल्ट" असं ऐकू आलं. लगेच पुन्हा "काल्ट". पण दुसरा आवाज पोरीचा नव्हता. तो आवाज मी कितीतरी महिन्यांत ऐकला नव्हता. हातातली पक्कड तशीच घेऊन मी आत पळालो. हिच्या हातात फ्रिजमधली गारेगार बाटली होती. माझ्याकडे बघून ती पुन्हा म्हणाली, "काल्ट."

मी फरशीवरच बसलो. आणि बसल्या बसल्या माझं डोकं भडकलं. म्हटलं, जन्मात पुण्याबाहेर न गेलेली बाई, मराठी शब्द फुटेना आणि ही जर्मन बोलतेय. आता मी काय दुभाष्या ठेवू?

पोरगी रडत होती आणि हसत होती. "तोंड उघडलं न काका. आता मराठी देऊ."

आणि तिनं दिली. पाणी. कंगवा. लिंबू. एकेका शब्दाला आठवडा जायचा, पण यायचा. मात्र वस्तू हातात असेल तरच. हात रिकामा केला की शब्दही जायचा.

गंमत म्हणजे गुरूचंही तसंच होतं. ती परीक्षेला गेली आणि तोंडी परीक्षेत नापास होऊन आली. गॅलरीत बसून राहिली, डबा उघडला नाही. मी विचारलं, एवढं पाठ होतं, झालं काय? म्हणाली, "टेबलावर काहीच नव्हतं जी. पेनसुद्धा बाहेर ठेवून घेतलं. हात रिकामे होते." अशी नापास झालेली मुलगी मी पहिल्यांदाच पाहिली. मी म्हटलं, हात रिकामे कसे? एका हातात दुसरा धरायचा. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, मी काही वेडंवाकडं बोललो.

पण माझं मन दुसरीकडेच अडकलं होतं. ते शेवटी मी तिच्याजवळ बोललो. म्हटलं, ही लिंबाला लिंबू म्हणते, कंगव्याला कंगवा म्हणते. मला काही म्हणत नाही. सगळा जन्म जिच्या "अहो"ला ओ दिली, तिच्या तोंडून एकदा "अहो" ऐकू दे, मग काय व्हायचं ते होऊ दे.

"तुम्ही त्यांच्या हातात कधी आलात?" तिनं विचारलं.

मी चमकलो. जीभ सांभाळून बोल म्हटलं. आमच्या वेळी चारचौघांत बायकोचा हात धरायची पद्धत नव्हती. दवाखान्यातसुद्धा मी कॉटची दांडी धरून बसलो होतो. नवरा म्हणजे काय वाटी आहे का?

तिनं ऐकलं नाही. नाडी बघायला धरतात तसं माझं मनगट धरलं आणि माझा हात हिच्या हातात ठेवला. "म्हणा काकू, अहो. अहो."

आमची ही माझा अंगठा चाचपत राहिली. नखातली काजळी बघितली. मग वर बघून स्वच्छ म्हणाली, "बबन."

मी हात ओढून घेतला. चटका बसावा तसा.

"बबन कोण?" पोरगी म्हणाली. तिला मी नुसता काका. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, तेही अर्धं गिळून. रेशनच्या दुकानात नाव सांगायची वेळ आली तर ही शेजारणीला पुढे करायची. मला आई गेल्यापासून या नावानं कुणी हाक मारली नव्हती. "मी," म्हटलं. पोरीनं तोंडावर हात ठेवला.

"बबन," ही पुन्हा म्हणाली, आणि हात पुढे केला. मी माझा हात परत दिला.

"अहो" शेवटपर्यंत आलंच नाही. पण बबन म्हणायला हातात काही लागायचं नाही. हात रिकामा असला तरी यायचा. सकाळी डोळे उघडले की पहिली हाक तीच, खालपर्यंत ऐकू जाईल अशी. वहिनी एकदा तोंड वाकडं करून म्हणाल्या, अहो, हे काय ऐकतोय आम्ही? मी म्हटलं, माझंच नाव आहे, तुमच्या यजमानांचं नाही.

थंडीत एका सकाळी हाक आली नाही. मी चहा टाकून वाट बघत उभा राहिलो. चहा उतू गेला तरी आत जायचं धाडस होईना. तेवढ्यात पोरगी ड्युटीवरून आली. बूट न काढता आत गेली. नाडी बघितली. हिचा हात तिनं खाली ठेवला नाही. "काका, या," म्हणाली आणि तो माझ्या हातात दिला. गॅलरी माणसांनी भरली. या वेळी मी हात सोडला नाही.

आदल्या संध्याकाळी आमची ही दोन घास जास्त जेवली होती. अजूनही मला त्याचा मेळ लागत नाही.

पोरगी पुन्हा परीक्षेला बसली. टेबलाखाली डाव्या हातानं उजवा घट्ट धरून बोलली, आणि पास झाली. पहिला पेढा तिनं माझ्या हातात ठेवला. मग जर्मनीला गेली. तिच्या खोलीत आता कॉम्प्युटरवाला मुलगा राहतो. नळाचे दोरे काढा म्हणून वहिनी सांगतात. मला ऐकू येत नाही.

परवा तिचा फोन आला. तिथं थंडी आहे, काम बरं आहे, माणसं वाईट नाहीत, असं सगळं सांगून झालं. मग म्हणाली, "इथं सगळे आडनावानंच बोलवतात जी. तेही मोडून. आल्यापासून माझं नाव कुणीच घेतलं नाही."

मी गारठलो. इतक्या दिवसांत मीही ते कधी घेतलं नव्हतं. ए पोरी, नाहीतर सिस्टर. मी फोन घेऊन गॅलरीत गेलो आणि तिच्या नावानं हाक मारली. जर्मनी लांब आहे म्हणून मोठ्यानं मारली. खालून वहिनींनी मान वर करून पाहिलं.

मग ती म्हणाली, "आणखी एकदा, काका."

मी आणखी एकदा मारली.