वाक्यात उपयोग करा : प्राणवायू पुरवणे

मी लाल पेन्सिल वापरणं सोडलं त्याला आता पंचवीस वर्षं होतील. कार्यालयात कुणाचा मसुदा तपासायला आला तरी मी साध्या शाईनंच खुणा करतो. याचं कारण कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

पन्नासच्या दशकात पिंपरीच्या माळावर एका कारखान्याचं बांधकाम चाललं होतं. मी मॅट्रिक होऊन कंत्राटदाराकडे हजेरी कारकून म्हणून लागलो होतो. वय वीस. कारखाना सुरू झाला की काही मजुरांना यंत्रांवर मदतनीस म्हणून कायम करणार होते, पण त्यासाठी एक लेखी परीक्षा होती. थोडं गणित, थोडं विज्ञान आणि काही शब्दांचा वाक्यात उपयोग. लिहिता-वाचता येणारे दहा-बारा जण माझ्याकडे शिकायला आले. दुपारच्या सुट्टीत भाकऱ्या खाऊन झाल्या की सिमेंटच्या गोदामाच्या सावलीत आमचा वर्ग भरायचा. सगळे मला ‘मास्तर’ म्हणायचे. तेवढ्यानं मी फुगलो होतो.

एके दिवशी विज्ञानाच्या पुस्तकातलं ‘प्राणवायू पुरवणे’ हा शब्दप्रयोग मी पत्र्यावर खडूनं लिहिलं. म्हटलं, “पुस्तकातलं वाक्य नको. रोजच्या जगण्यातलं करा.”

गवंड्याच्या हाताखालचा एक जण लगेच म्हणाला, “मास्तर, बायकू फुकणीनं चुलीला प्राणवायू पुरवती. चालंल?”

“चालेल. उत्तम.”

“अन् सासू मुक्कामाला आल्यावर मला कोन पुरवनार?”

हसून हसून वर्ग मोडला. पुढे चार दिवस कामावर तोच शब्द. कुणाची विडी विझायला आली की शेजारचा म्हणायचा, “पुरव की रं तिला प्राणवायू!” झोपडीच्या दारात कुणी आडवा उभा राहिला की आतून ओरड यायची, “बाजूला सर भावा, प्राणवायू अडलाय.” मला मोठी मौज वाटायची. पुस्तकातला शब्द माझ्यामुळे माणसांच्या तोंडी आला होता.

वर्गात सगळ्यांत वयानं मोठे आबा. खेडकडच्या एका गावचे. खेडला आता राजगुरुनगर म्हणतात. तीस वर्षं विहिरी खणत आणि गाळ काढत आलेले. मी त्यांना अरे-तुरे करायचो, ते मला अहो-जाहो. परीक्षेची सगळ्यांत जास्त आस त्यांनाच होती. म्हणायचे, “आजवरची उमर भुईच्या पोटात काढली मास्तर. आता वर उजेडात काम पायजे. येवडी परीक्षा निघाली की सुटलो.”

त्यांनी वहीत लिहिलं होतं : ‘हिरीत मानूस उतरायच्या आदी आमी लिंबाचा डहाळा दोराला बांदून वरखाली करतो अन् हिरीला प्राणवायू पुरवतो.’

मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. मग म्हटलं, “अरे आबा, तोडलेला पाला कसला प्राणवायू देतो? अंधारात पाला उलट प्राणवायू खातो. पुस्तकात लिहिलंय. ही तुमची गावाकडची समजूत.” लाल पेन्सिलीनं वाक्यावर फुली मारली आणि शेजारी ‘चूक’ लिहिलं. सगळे हसले. आबाही हसले, पण खाली बघून. “व्हय मास्तर. तुमी शिकल्याली मानसं.”

पंधरा दिवसांनी बांधकामावरच्या जुन्या विहिरीचा गाळ काढायचं निघालं. चार महिने ती फळ्यांनी झाकलेली होती. आबा आणि त्यांचे साडू, दोघांना काम दिलं. मी हजेरीची वही घेऊन काठावर उभा होतो. साडू लिंबाचा भला मोठा डहाळा तोडून घेऊन आले.

आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “ऱ्हाऊ दे त्यो. पाला उलट हवा खातो म्हनं. उगा हसं नको.”

मी ते ऐकलं. झाकलेल्या विहिरीत आधी पेटता कंदील सोडून बघावा, तो विझला तर उतरू नये, हे त्याच पुस्तकात होतं आणि मला पाठ होतं. कंदील कोठीत होता, कोठीची किल्ली माझ्या खिशात. कोठी माळाच्या दुसऱ्या टोकाला, वर ऊन रणरणतं. जाऊन यायला दहा मिनिटं लागली असती. मी वहीत डोकं घातलं.

आबा कमरेला दोर बांधून उतरले. उतरता उतरता साडूंशी बोलत होते. निम्म्यावर गेल्यावर बोलणं थांबलं. हाका मारल्या तरी ओ नाही. साडू उडी घ्यायला निघाले, तेव्हा माती वाहणाऱ्या एका बाईनं त्यांचा सदरा धरून त्यांना मागे ओढलं. “दोघं जाताय व्हय? दोर वडा आदी!” पाच-सहा जणांनी दोर ओढला. आबांचं तोंड काळंनिळं पडलं होतं. अर्ध्या तासानं त्यांनी डोळे उघडले.

दुपारनंतर साडूंनी तासभर डहाळा वरखाली केला आणि मग कंदील सोडला. तो तळापर्यंत जळत राहिला. पाला काहीच देत नव्हता. तो कोंडलेली हवा ढवळून वर काढत होता आणि वरची ताजी खाली नेत होता. वाक्य बरोबर होतं.

पण त्याआधीच कारखान्याचे साहेब येऊन गेले होते. आबा गोणपाटावर पडलेले. साहेबांनी विचारलं, “डहाळा का नाही सोडलास? तीस वर्षं हेच करतोस ना?”

साडू माझ्याकडे बघत तोंड उघडणार, तोच आबांनी त्यांचा हात दाबला. “इसरलो सायेब.”

“जो विहिरीत उतरताना विसरतो, तो यंत्रापाशी काय लक्ष देणार?” साहेब माझ्याकडे वळले. “परीक्षेच्या यादीतून याचं नाव काढा.”

एक वाक्य बोललो असतो तर पुरे होतं. पण कचेरीत कायम करायच्या माणसांत माझंही नाव होतं. मी कानावरची लाल पेन्सिल काढली आणि आबांचं नाव खोडलं. महिन्याभरात मी कायम झालो. आबा तोवर गावी गेले होते.

त्यांची वही वर्गात राहिली होती. दोन वर्षं मी ती ट्रंकेत ठेवली. मग एका रविवारी एसटीनं खेडला उतरलो आणि विचारत विचारत गेलो. आबा एका मळ्यात विहिरीच्या काठावर साडूंबरोबर बसले होते. दोर, डहाळा, कंदील, सगळं बाजूला मांडलेलं.

“मास्तर! रविवारची बी हजेरी घेता काय?”

मी उभ्या उभ्याच बोलून टाकलं. “आबा, त्या दिवशी मला ऐकू आलं होतं. कंदिलाची किल्ली माझ्याकडे होती. साहेबांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसलो. तुमचं नाव मीच खोडलं.”

आबांनी वही हातात घेतली, फुलीचं पान बघितलं आणि मिटून परत दिली.

“मला समदं ठावं हाय. डोळं उघडलं तवा पैलं तुमचंच तोंड दिसलं. माझ्यापरीस जास्त पांढरं पडल्यालं.” डहाळ्याच्या दोराची गाठ आवळत म्हणाले, “मला ती नोकरी पायजे व्हती, मास्तर. खोटं कशाला बोलू.”

आबा उठले, डहाळ्याचा दोर उचलून त्यांनी माझ्या हातात दिला. “घ्या. मला खाली जायाचंय.”

मी डहाळा विहिरीत सोडला आणि वर ओढला. सोडला, ओढला. तळहात सोलून निघाले. “आता पुरे का?” असं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, “आजून.” मग मी स्वतःच कंदील पेटवून खाली सोडला आणि कठड्यावर पालथा पडून बघत राहिलो. ज्योत तळाशी जाऊन स्थिर झाली.

“जाऊ का?” आबांनी विचारलं.

“जरा थांबा,” मी म्हटलं, आणि पुन्हा डहाळा उचलला.