भिंतीवरचा हात

एसीचं पाणी झिरपून भिंत फुगली की परतूरला सगळे त्या गवंड्यालाच बोलावतात. तो बोटांनी भिंत वाजवतो आणि डोळे मिटून ऐकतो. आमचं प्लास्टर पार सुटलं होतं. त्यावरच वास्तुशांतीला उमटवलेला आईचा कुंकवाचा हात होता. आई गेल्यावर तेवढाच उरलेला.

"आईचा हात आहे, पण काढा आता," मी म्हणालो.

"थांबा भाऊ, ऐकून राह्यलो."

हाताभोवती पातं फिरवून त्यानं तो तुकडा झोपलेलं लेकरू उचलावं तसा अख्खा उतरवला, सावलीत वाळवला आणि पुन्हा जागेवर बसवला. एक बोटही तुटलं नाही.

निघताना त्यानं सगळी भिंत वाजवून पाहिली, फक्त हात सोडला.

"तिथं?"

"आईच्या हातावर ठोकत न्हाईत, भाऊ."